सहावं घर

चिठ्ठी जेमतेम बोटाएवढी, रिव्हॉल्वरच्या चापाच्या कडीला पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली, आणि तिच्यावर दुकानदार लाइलच्या गिचमिड अक्षरात नळीची लांबी लिहिलेली — साडेपाच इंच. मार्लिसने ती वाचली, उलटी केली, मागे काही नव्हतं, पुन्हा सुलटी केली. साडेपाच. हे आपण आत्ताच वाचलं होतं, की ते दुसऱ्याच रिव्हॉल्वरचं होतं?... वाचलं होतं. बहुतेक वाचलं होतं. हे 'बहुतेक' पूर्वी तिच्या डोक्यात कधी शिरत नसे. माणूस एखादी गोष्ट दोनदा वाचतो, दहादा वाचतो, त्यात काय एवढं — पण ऑक्टोबरपासून तिने स्वतःवर पाळत ठेवली होती, आणि पाळत ठेवणाऱ्याला काय, जिथे बघावं तिथे चोरच दिसतो. सकाळी शेगडी बंद केली का ते बघायला ती दोनदा स्वयंपाकघरात परतली होती. दुसऱ्यांदा परतली तेव्हा तिचा नवरा व्हर्न ट्रकचं इंजिन चालू ठेवून बसला होता आणि त्याने नुसता हॉर्न वाजवला, विचारलं काही नाही. विचारलं नाही हे बरं झालं की वाईट, ह्यावर तिने गावापर्यंतचे अकरा मैल घालवले.

व्हर्न आता रस्त्यापलीकडे गुरांचं मीठ आणायला गेला होता, म्हणजे अर्धा तास तरी गेलाच, कारण तिथे कॉफी फुकट असते आणि गप्पा मारायला त्याच्यासारखेच चार रिकामटेकडे. दुकानात ती आणि लाइल, दोघंच. लाइल आता चव्वेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, बापाचं दुकान चालवणारा — पण तिच्या पहिल्या वर्गात पहिल्या बाकावर बसून नाक ओढणारा बारा वर्षांचा लाइल तिला अजून दिसतो. शिकारीचा परवाना हवा तर पोरांनी आधी बंदूक कशी धरायची, कुठे रोखायची नाही, कुंपण ओलांडताना काय करायचं हे शिकून परीक्षा द्यायची, आणि ह्या खोऱ्यात ते शिकवायचं मार्लिस हॉगनने, फुकट, गेली बत्तीस वर्षं. त्यामुळे अर्धं खोरं तिला बाई म्हणतं. शेरिफसुद्धा बाई म्हणतो, आणि तेही टोपी काढून.

"बत्तीस वर्षं लोकांना शिकवलंत बाई, आणि स्वतः आजोबांच्या काळातलं लोखंड कमरेला लटकवून फिरलात," ती आत आली तेव्हाच लाइल म्हणाला होता. "आज उजाडलं म्हणायचं."

"बाबांच्या काळातलं. आजोबांना कशाला मध्ये ओढतोस?"

मग ट्रकमध्ये मनातल्या मनात घोकलेलं वाक्य तिने म्हणून टाकलं — नेमबाजीच्या रेंजवर झाडायला एखादं हवं, आणि कधीमधी शिकारीला. वाक्य अगदी नीट बाहेर पडलं. त्यात खोटं असं काही नव्हतंच. रेंजवर ती जायची, आणि नदीकाठच्या झुडपांत पांढऱ्या शेपटीचं हरीण वीस पावलांवर येतं तिथे रायफलपेक्षा रिव्हॉल्वरच बरं पडतं. हे सगळं खरं होतं. आणि तरी हे सांगताना आपला आवाज एखाद्या पोराने गृहपाठ कुत्र्याने खाल्ला म्हणून सांगावं तसा येतोय असं तिला वाटलं, आणि तिने लाइलकडे पाहिलं. लाइलच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तो खाली वाकून खण उघडत होता.

त्याने आधी एक चिमुकलं काढलं, हलकं, आखूड नळीचं, आणि म्हणाला की हे बायकांना आवडतं, पर्समध्ये मावतं. मग बायकांना दे, ती म्हणाली. तो हसला, त्याला हे उत्तर ऐकायचंच होतं. मग त्याने एक चव्वेचाळीस कॅलिबरचं धूड काढलं, दोन्ही हातांनी उचलून ठेवावं असं. तिने ते धरलं, भिंतीवरच्या सांबराच्या शिंगांच्या वरच्या कोपऱ्यावर रोखलं, आणि मनगटाला रग लागल्यासारखं झालं. ह्याने हरीण पडेल तसा माझा खांदाही पडेल, ती म्हणाली. लाइलचं म्हणणं, अस्वल भेटलं तर हेच उपयोगी. अस्वल भेटलं तर मी त्याला तुझा पत्ता देईन. दोघंही हसली. बोलणं छान चाललं होतं, नेहमीसारखं, आणि मार्लिस त्या बोलण्याकडे बाजूला उभी राहून बघत होती — ही बाई ठीक दिसते. ही बाई अडखळत नाही. हिला शब्द सापडतायत.

तिसरं म्हणजे आता समोर असलेलं हे साडेपाच इंची. ह्यात थोरली काडतुसं चालतात आणि धाकटीही. रेंजवर दिवसभर धाकटी झाडा, हात दुखत नाही, आणि मोसमात थोरली घाला. काडतुसांची चक्री बाहेर पडणारी नाही, बाजूला छोटंसं झाकण, एकेक काडतूस एकेका घरात सरकवायचं. घोडा दर वेळी अंगठ्यानेच चढवायचा. मूठ लाकडाची. तिने ते हातात घेतलं आणि हाताने लगेच ओळखलं, कारण घाट सगळा बाबांच्या रिव्हॉल्वरचाच होता, नुसतं सत्तर वर्षं तरुण.

"आणि मुख्य गोष्ट," लाइल म्हणाला, "ह्याच्या आत पट्टी आहे. चाप ओढल्याशिवाय ती वर येत नाही, आणि ती वर आल्याशिवाय घोड्याचा घाव काडतुसापर्यंत जात नाही. सहाच्या सहा घरं भरा, खडकावर आपटा, काही होत नाही. तुमचं ते एक भर, एक सोड — संपलं आता."

एक भर, एक सोड, चार भर, घोडा चढव, हलकेच सोड. बाबांनी हे तिला दहाव्या वर्षी शिकवलं होतं, गोठ्याच्या पायरीवर बसून, आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. ह्या क्रमाने केलं की घोडा टेकतो तो रिकाम्या घरावर. जुन्या रिव्हॉल्वरचा घोडा म्हणजे टोकाला सुळा असलेला. सहावं घर भरलं तर तो सुळा थेट काडतुसाच्या टिकलीवर टेकून बसतो, आणि मग चाप ओढायचीही गरज नाही — पडलात, आपटलात, पुरे. सहा घरं असतात आणि पाच काडतुसं असतात, बाबा म्हणायचे, सहावं घर आपल्या जिवाचं. चोपन्न वर्षं ती पाच भरत आली होती. पाच भरायला विचार करावा लागत नव्हता. विचार करावा लागत नव्हता, हेच तर—

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. मोसम उघडल्याचा पहिला दिवस, पाइनच्या पडलेल्या खोडांवर पातळ बर्फ, व्हर्न पुढे दहा पावलांवर, त्याची ती नारिंगी बंडी पाठीवर फाटलेली — ह्या वर्षी शिवून देते म्हणाली होती ती, राहूनच गेली होती. एका खोडावरून उतरताना तिचा पाय सटकला आणि ती कुशीवर पडली, नेमकी रिव्हॉल्वरच्या बाजूवर, घोडा लाकडावर आपटला, आवाज झाला, टक्. व्हर्नने वळून बघितलं आणि तो हसला. "म्हातारी झालीस गं," म्हणाला. ती पण हसली. बर्फ झटकला. दिवसभर हिंडली दोघं, सांबर काही दिसलं नाही, सॉसेज आणि पाव खाल्ले, आणि उतरत्या उन्हात ट्रकच्या मागच्या फळीवर बसून तिने रिव्हॉल्वर रिकामं केलं. एक. दोन. तीन. चार. पाच. सवयीने चक्री आणखी एक घर फिरवली, आणि तळहातावर सहावं पडलं.

तिला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि तिने ते उन्हात धरून बघितलं. त्या सहाव्याच्या टिकलीवर बारीक खळी होती, सुळ्याने टोचल्याची. टोचून थांबला होता. केसभर कमी पडला होता. नळी कुठे होती तेव्हा? पडताना नळी खाली होती, जमिनीकडे... की पुढे? पुढे व्हर्नची पाठ होती, फाटलेल्या बंडीची. व्हर्न तेव्हा ट्रकच्या पलीकडच्या बाजूला उभा राहून शीळ घालत होता. तिने मूठ मिटली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुलावर गाडी थांबवून ते काडतूस तिने नदीत फेकलं, आणि तेव्हापासून तिला हेही खात्रीने सांगता येत नाही की ती खळी खरंच होती, की भीतीने तिला दिसली. फेकायला नको होतं. फेकलं म्हणून आता विचारायलाही काही उरलं नाही. मी सकाळी भरलं तेव्हा काय करत होते? व्हर्न अंड्यांबद्दल काहीतरी बोलत होता. मी उत्तर दिलं का? माझा हात कुठे होता? त्या पाच मिनिटांच्या जागी काहीच नाही, पुसलेली पाटी.

आईचंही असंच सुरू झालं होतं. सहासष्टाव्या वर्षी तिने लोण्याचा डबा टपालपेटीत ठेवला. पोस्टमन तो घेऊन दारात आला आणि सगळे पोट धरधरून हसले, आई सर्वांत जास्त. मग तिने कॉफीत मीठ घातलं, मग धाकट्या बहिणीला मोठीच्या नावाने हाक मारली, मग चर्चला जाताना एका पायात लाल आणि एका पायात काळा बूट. पहिली दोन वर्षं आम्ही हसत होतो. नुसतं हसत होतो. आणि तिसऱ्या वर्षी एके दिवशी आईने मार्लिसचा हात घट्ट धरून विचारलं होतं की तुम्ही सगळे मला हसता ते मला कळतं, पण का हसता ते का कळत नाही गं? त्याला मार्लिसने काय उत्तर दिलं ते तिला आठवत नाही. तिने बहुतेक दिलंच नाही. आता ती स्वतः चौसष्ट वर्षांची होती.

व्हर्नला सांगायचं तर काय सांगायचं? की अरे, मी तुझ्या पाठीशी सहा भरून दिवसभर चालले? तो म्हणेल, देव तारी त्याला कोण मारी, आणि पेपर उघडेल. डॉक्टरला सांगायचं तर तो लिहून ठेवील. लिहिलं की ते कुठेतरी जातं, जातंच. आणि शनिवारी रेंजवर अकरा पोरं येणार होती, वसंतातला पहिला वर्ग, अकरा ते तेरा वयाची, मोठमोठ्या कानटोप्या घातलेली, आणि त्यांच्या मागे उभं राहून त्यांच्या हातांत भरलेल्या बंदुका द्यायच्या होत्या तिने. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून नवं रिव्हॉल्वर. ज्यात सहा भरली तरी काही बिघडत नाही असं. इतकं साधं होतं ते, आणि ह्या साध्या गोष्टीसाठी ती पाच महिने झोपली नव्हती.

"हेच आवडलेलं दिसतंय," लाइल म्हणाला. "तोवर हा फॉर्म भरून टाका. तुमच्याकडून घ्यायचा म्हणजे मलाच लाज वाटते, पण सरकारला तुम्ही कोण ते माहीत नाही ना."

तिने पेन घेतलं. नाव, जन्मगाव, उंची, वजन — वजनात तिने चार पौंड कमी लिहिले, ते ती नेहमीच लिहायची. मग होय-नाहीच्या चौकटी. तुमच्यावर गुन्हा आहे का. तुम्ही फरारी आहात का. आणि मग तो प्रश्न, जो तिने आयुष्यात पाचसात वेळा न वाचताच 'नाही' करून टाकला होता: कुठल्या न्यायालयाने किंवा मंडळाने तुम्हाला मनाने अक्षम ठरवलं आहे का, तुम्हाला मनोरुग्णालयात भरती केलं आहे का. पेन थांबलं. उत्तर 'नाही'च होतं, शंभर टक्के 'नाही', कुणी ठरवलं नव्हतं, कुणाला माहीतच नव्हतं तर ठरवणार कोण. तिने 'नाही'वर खूण केली. कागदाला दुसऱ्यांनी तुमच्याबद्दल काय ठरवलंय ते हवं होतं. तुम्हाला स्वतःला काय कळलंय, ते त्याने कुठेच विचारलं नव्हतं. सगळा फॉर्म तिने पुन्हा एकदा वरून खाली वाचला. कुठेच नव्हतं.

लाइलने मध्येच एक पत्र्याचा डबा पुढे सरकवला. त्यात लाल प्लास्टिकची खोटी काडतुसं होती, वीसेक तरी, सरावाची. भरून काढून बघा, झाकण बोटाला कसं लागतं ते कळेल, तो म्हणाला, आणि शेजारी कोपर टेकून बोलत राहिला. तिने झाकण उघडलं. लाइल सांगत होता की त्याच्याकडे हेच आहे, चार वर्षं, पट्टीवालं, आणि तरीही तो पाचच भरतो. बायको हसते. पैसे सहाचे दिलेस म्हणते. पण जमतच नाही, हात सहावं घेतच नाही. "तुम्ही असं काही डोक्यात भरलंय ना बाई," तो म्हणाला, "की मी मेल्यावर कुणी माझी कवटी उघडली तर आत तेवढंच निघेल."

ती हसली. आणि हसताहसताच तिला एकदम दिसलं की ती काय विकत घेत होती. बाबांच्या रिव्हॉल्वरने निदान सांगितलं तरी होतं. तळहातावर सहावं पडलं तेव्हा तिला कळलं तरी होतं की बाई, तू विसरलीस. ह्या नव्यात सहा म्हणजे चूक नव्हती. ह्यात ती उद्या विसरली, परवा विसरली, रोज विसरली तरी काही वाजणार नव्हतं, काही खळी पडणार नव्हती, आणि एक दिवस ती भलत्याच ठिकाणी, भलत्याच गोष्टीत विसरेल — रेंजवर, पोरांच्या मागे — आणि तोवर तिला वाटत असेल की मी ठीक आहे. आईला वाटत होतं तसं. आई तर हसत होती.

"...म्हणून तिला म्हटलं, तू बाईंच्या वर्गाला बसली नाहीस, तुला नाही कळायचं," लाइलचं संपलं होतं. मार्लिसच्या हातांनी मधल्या वेळात भरून झालं होतं, काढूनही झालं होतं. खोटी काडतुसं पुन्हा डब्यात बाकीच्यांत मिसळली होती आणि झाकण बंद होतं. तिने ते केव्हा केलं? तिने रिव्हॉल्वर काउंटरवरून लाइलकडे सरकवलं, नळी भिंतीकडे करून, कारण तेवढं हात आपण होऊनच करतात.

लाइलने ते उचललं, नीट पुसलं, आणि खोक्यात ठेवलं. फॉर्म तपासून घ्यायला फोन करतो सरकारला, दहा मिनिटं लागतील, म्हणाला.

त्याने उघडून बघितलं नाही.

मार्लिसला वाटलं आपल्यालाच दिसलं नसेल. पण नाही, खोक्याचं झाकण लागलं होतं. बत्तीस वर्षं, दर वर्षी दोन वर्ग, पहिल्या दिवशी पहिलं वाक्य तिचं हेच असतं: हातात आलेलं हत्यार आधी उघडून बघायचं. दुकानदाराने दाखवलं तरी बघायचं, बापाने दिलं तरी बघायचं, प्रत्यक्ष देवाने दिलं तरी थँक यू म्हणायचं आणि उघडून बघायचं. आणि लाइल बघायचा. गेल्या महिन्यात पाद्रीबुवा त्यांची शॉटगन दुरुस्तीला घेऊन आले तेव्हा तीही इथे होती, आणि लाइलने पाद्रीबुवांच्या नाकासमोर ती तीनदा उघडली होती. मग आज का—

"लाइल," ती म्हणाली, "तू ते उघडलं नाहीस."

"काय?"

"रिकामं आहे का बघितलं नाहीस."

तो हसला, अगदी मनापासून, प्रेमाने. "तुमच्या हातून आलंय बाई. ते काय बघायचं?"

म्हणजे असं होतं तर. तिने मागे जाऊन आठवायला सुरुवात केली, आणि आठवत गेलं, हे मात्र सगळं लख्ख आठवत गेलं — व्हर्न तिच्या हातची रायफल घेऊन तशीच ट्रकमध्ये ठेवतो. शेरिफने रेंजवर तिची घेतली आणि तशीच खांद्याला लावली. मागच्या वर्षीच्या वर्गातली ती वेण्यांवाली पोर. सगळ्यांच्या बंदुका उघडून बघायची, आणि मार्लिसने दिली की नुसती मान लववायची. अख्ख्या खोऱ्यात एका माणसाच्या हातचं कुणी तपासत नव्हतं. त्यांना तिने देवाचंसुद्धा तपासायला शिकवलं होतं, आणि त्यांनी तिला देवाच्याही पलीकडे नेऊन बसवलं होतं, आणि तिथे, तेवढ्या वर, ती आता एकटी होती आणि तिच्या हातांचा भरवसा उरला नव्हता. पाच महिने ती लपवत होती असं तिला वाटत होतं. लपवायची गरजच नव्हती. कुणी बघतच नव्हतं. ती उद्या काहीही देईल आणि लोक घेतील.

बाहेर व्हर्न रस्ता ओलांडताना दिसला, खांद्यावर मिठाची वीट, चिखल चुकवत, सावकाश.

"उघड ते."

"अहो बाई—"

"लाइल. उघड आणि बघ. सहाही घरं."

तिचा आवाज चढला नव्हता, पण त्याचं हसू ओठांवरच राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. त्याने खोकं उघडलं. रिव्हॉल्वर बाहेर काढलं, बाजूचं झाकण सरकवलं, आणि चक्रीकडे बघायच्या आधी तिच्याकडे बघितलं, जरा जास्त वेळ, आजपर्यंत कधी बघितलं नव्हतं तसं. ती नजर तिला सोसवेना, आणि ती नजर त्याने काढून घेऊ नये असंही वाटलं. मग त्याने मान खाली घातली आणि अंगठ्याने चक्री फिरवायला लागला, एकेक घर, टिक्, टिक्, ओठ हलत होते, मोजत होता, वर्गात पहिल्या बाकावर मोजायचा तसा.

मार्लिस काउंटरची कड धरून उभी होती. रिकामं असू दे, असं तिने म्हणायला हवं होतं, आणि ती म्हणूही लागली होती. पण आतून जे वर आलं ते दुसरंच होतं, आणि त्याची तिला जितकी भीती वाटली तितकी आजवर कशाचीच वाटली नव्हती — एक निघू दे. देवा, एक तरी निघू दे त्यात, आत्ता, ह्याच्या हातावर, हे लाल प्लास्टिकचं आहे तोवर.